पद्मिनीचं इंजिन बांधताना : कुठे ऑईल, कुठे पेस्ट, कुठे काहीच नाही

२ जून २०२४, रविवार

ब्लॉक आणि क्रँक कोल्हापूरच्या उद्यमनगरातून परत आले. गाडी मामांची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. इंजिन अर्थात फियाट ११०० चंच: १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुश रॉड आणि रॉकर, क्रँकला तीन मेन बेअरिंग. आता बोअर २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ, क्रँक मेन आणि बिग एंड (जिथे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो) दोन्हीकडे १० थाऊ अंडरसाइझ. पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे सेट, कॅम आणि टॅपेट नवे. स्पेअर अजून मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर थोडं फिरायची तयारी हवी. कारखानाही कुर्ल्यातच होता.

या नोंदी फक्त वंगणापुरत्या ठेवणार आहे. टॉर्क किती, क्लिअरन्स किती हे मॅन्युअलमध्ये असतं. वंगणाबद्दल मात्र अशी पुस्तकं ‘भाग ऑईल लावून बसवावा’ एवढ्यावर मोकळी होतात. कुठलं ऑईल, किती, आणि ते किती दिवस तिथे राहणार, हे कोणी लिहीत नाही.

आमच्या बाबतीत शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. काम सुट्टीच्या दिवशीच होणार, मध्ये पावसाळा, म्हणजे इंजिन सुरू व्हायला दसरा उजाडेल. जूनमध्ये बेअरिंगला लावलेलं साधं ऑईल ऑक्टोबरपर्यंत जागेवर राहत नाही. ते ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑईलच्या टाकीत जातं. आणि बांधलेलं इंजिन पहिल्यांदा फिरतं तेव्हा पंपाने ऑईल उचलून गॅलऱ्या (ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटा) भरेपर्यंत बेअरिंगला आणि कॅमला आधार असतो तो फक्त हाताने लावलेल्या वंगणाचा.

९ जून, रविवार

ब्लॉक धुतला. ‘धुऊन दिलाय’ असं सांगून मिळालेला ब्लॉक पुन्हा धुवायचाच, हा आमच्या गॅरेजवाल्या वस्तादांचा नियम आणि तो अगदी बरोबर आहे. गॅलरीचे प्लग काढले, आतून लांब दांड्याचा ब्रश फिरवला, आणि पहिल्याच फेरीत काळपट वाळू बाहेर आली. होनिंगच्या (बोअर दगडाने घासून बारीक रेघा पाडण्याच्या) दगडाचा आणि बिडाचा भुगा. हा भुगा गॅलरीत राहिला असता तर नव्या ऑईलबरोबर थेट मेन बेअरिंगमध्ये गेला असता. मग वंगण कितीही भारी वापरा.

बोअर धुवायला रॉकेल किंवा पेट्रोल नको. त्याने तेलकटपणा जातो, पण होनिंगच्या रेघांमध्ये अडकलेले कण तिथेच बसतात. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, ताठ ब्रश, भरपूर घासणं. मग पांढऱ्या फडक्यावर थोडं ऑईल घेऊन बोअर पुसायचा. फडकं करडं निघालं की परत साबण. शेवटी फडकं ऑईलच्याच रंगाचं निघालं तेव्हा थांबलो.

त्यानंतर मात्र घाई. हवेत इतका दमट वास होता की पहिला बोअर वाळवून चौथ्याकडे जाईपर्यंत पहिल्यावर तांबूस छटा यायला लागली. कॉम्प्रेसरची हवा मारायला एक माणूस आणि मागोमाग ऑईलचं फडकं घेऊन दुसरा, असं केलं तेव्हा जमलं. क्रँकच्या आतली ऑईलची भोकंही ब्रशने साफ केली. ग्राइंडिंगचा भुगा तिथे हमखास बसतो.

बनियनच्या चिंध्या आजपासून बंद. त्यांचे धागे सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. धुतलेलं जुनं धोतर आणलंय.

१६ जून, रविवार

आज फक्त वाद आणि मांडामांड.

वस्ताद चाळीसेक वर्षं इंजिनं बांधतायत. त्यांचं म्हणणं, ‘आरं, ऑईलचा कॅन घे आणि ओत की सगळीकडं. तेल जास्त झालं म्हणून इंजिन सीझ झालेलं मी तरी बघितलं न्हाई.’ त्यांच्या गॅरेजमध्ये ते खरंच आहे, कारण तिथे सकाळी क्रँक बसली की दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होतं. एका दिवसात ऑईल कुठे जात नाही.

इथे चार महिने जाणार म्हटल्यावर त्यांनी ग्रीसचा डबा पुढे सरकवला. त्याला मी नको म्हटलं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस म्हणजे ऑईल साबणात धरून ठेवलेलं असतं. ते जागेवर राहतं हे खरं, पण इंजिन ऑईलमध्ये ते नीट विरघळत नाही. गुठळी सुटून बारीक भोकाशी अडकली तर पुढच्या बेअरिंगला ऑईलच पोचत नाही. वस्ताद थोडा वेळ डब्याकडे बघत बसले, मग म्हणाले, ‘ट्रॅक्टरला चालतंय.’ चालत असेल.

शेवटी टेबलावर चार वस्तू ठेवल्या. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल, बुधलीत. असेंब्ली ल्यूब, जे काकवीसारखं चिकट असतं, उभ्या पृष्ठभागालाही धरून राहतं आणि पुढे गरम ऑईलमध्ये विरघळून जातं. मॉली पेस्ट, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेली करडी पेस्ट, फक्त कॅम आणि टॅपेटसाठी. आणि पंपासाठी साधं व्हॅसलीन. पाचवी वस्तू थिनरची बाटली, कारण काही जागा ठणठणीत कोरड्या लागतात.

२३ जून, रविवार

मेन बेअरिंग आणि क्रँक.

आधी कोरडं माप. प्लास्टिगेजचा (फट मोजायचा, दबणारा) हिरवा दोरा जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, आडवा ठेवला, कॅप टॉर्कला आवळली, सोडली, आणि दबलेल्या दोऱ्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवली. हा दोरा ऑईलमध्ये विरघळतो, त्यामुळे माप घेताना जर्नल आणि बेअरिंग दोन्ही पुसून कोरडे हवेत, आणि क्रँक जराही फिरवायची नाही. हिरवा दोरा ०.०२५ ते ०.०७६ मिमीपर्यंत मोजतो. तिन्ही मेन ०.०४ ते ०.०५ च्या दरम्यान आले. जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ, या जुन्या हिशेबातही ते बसतं.

मग खरी जुळणी. बेअरिंगच्या पाठीला ऑईलचा थेंबही नको, हे वस्तादांनी माझ्याआधी सांगितलं. पाठ ब्लॉकला घट्ट चिकटली पाहिजे, कारण बेअरिंगची उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. पाठीमागे ऑईलचा पापुद्रा राहिला तर उष्णता अडते, आणि मघाशी कोरडं घेतलेलं मापही तेवढं बदलतं. बेअरिंग जागेवर घट्ट धरतो तो त्याच्या दोन टोकांचा किंचित उंचवटा, जो कॅप आवळल्यावर दाबला जातो. तिथे वंगणाचं काही काम नाही. म्हणून थिनर, धोतराचा तुकडा, आणि बोट न लावता बेअरिंग जागेवर.

आतल्या बाजूला असेंब्ली ल्यूब. बोटाने पसरलं, चमक सगळीकडे सारखी दिसेपर्यंत. थर जाड करून उपयोग नाही, क्रँक बसली की जास्तीचं कडेने बाहेरच येतं. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरच्या घासणाऱ्या बाजूला ल्यूब, ब्लॉककडच्या बाजूला साध्या ऑईलचा एक ठिपका, तोही वॉशर हातातून निसटू नये म्हणून. ऑईल सीलच्या ओठाला ऑईल चोळलं. कोरडा सील पहिल्या मिनिटालाच जळतो आणि मग वर्षभर पार्किंगमध्ये डाग पडत राहतात.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑईल. ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. टॉर्क रेंच दाखवतो तो टॉर्क. आपल्याला हवा असतो तो बोल्टचा ताण. लावलेल्या टॉर्कपैकी निम्म्याच्या आसपास बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये, आणि उरलेल्या दहाएक टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. आटे कोरडे असतील तर घर्षण वाढतं, रेंच तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट सैल राहतो. उलट ऑईलसाठी दिलेल्या आकड्याला मॉली पेस्ट लावली तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून आमचा नियम साधा: मॅन्युअलमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर आट्यांना इंजिन ऑईलच, आणि सगळ्या बोल्टना एकच ऑईल.

तिन्ही कॅप आवळल्यावर क्रँक दोन बोटांनी फिरली. एका कॅपनंतर फिरवून बघायची, मग पुढची. अडली तर कुठे अडली ते कळतं.

३० जून, रविवार

पिस्टन. इथे वस्तादांशी पुन्हा खटका, पण हा जुना आणि सगळ्या गॅरेजमधला वाद आहे: रिंगा ऑईलमध्ये बुडवायच्या की जवळजवळ कोरड्या बसवायच्या?

रिंगा आणि बोअर हे इंजिनात असं एकमेव जोडपं आहे ज्याला सुरुवातीला थोडं झिजूच द्यायचं असतं. होनिंगच्या तिरक्या रेघांचे शेंडे रिंग घासून काढते, तेव्हा दोघांची तोंडं जुळतात आणि कॉम्प्रेशन धरतं. तिथे मॉली किंवा चिकट असेंब्ली ल्यूब लावलं की हे घासणं लांबतं. पुढे बोअरला काचेसारखी चकाकी आली की रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि गाडी ऑईल पीत राहते. म्हणून रिंगांजवळ असेंब्ली ल्यूब आणायचंच नाही.

पण पूर्ण कोरडंही नको. आमची तडजोड अशी: बोअरवर साध्या २०डब्ल्यू-५० चा हात फिरवलेला पातळ थर, पिस्टनच्या स्कर्टला भरपूर, गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) बुधलीतून दोन-तीन थेंब सोडून पिन हलवत आत ओढून घेतले, आणि रिंगांना बोटाने जेमतेम. वस्ताद अख्खा पिस्टन रिंगांसकट ऑईलच्या डब्यात बुडवतात. त्यांचीही इंजिनं नीट चालतात, कारण जास्तीचं साधं ऑईल सुरू झाल्यावर थोड्या धुरात निघून जातं. मला धुराची भीती नाही, पण चार महिने पिस्टनच्या डोक्यावर ऑईल साचून राहायला नको.

रिंगांचे गॅप कोरडेच मोजले. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ धरले तर या बोअरला सुमारे ०.२७ मिमी, आमचे ०.२८ ते ०.३३ आले. बसवताना गॅप एकमेकांखाली येऊ दिले नाहीत.

बिग एंडला मेनसारखंच. पाठ कोरडी, आत ल्यूब, नटाखाली ऑईल. रॉडचे बोल्ट जर्नलला खरवडू नयेत म्हणून त्यांवर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचे तुकडे चढवले.

१४ जुलै, रविवार

कॅम आणि टॅपेट मुद्दाम एवढे मागे ठेवले होते. क्रँक-पिस्टनच्या कामात इंजिन किती वेळा फिरवावं लागतं याचा हिशेब नाही, आणि प्रत्येक फेरीला टॅपेट कॅमवरची पेस्ट पुसून काढतो. म्हणून फिरवाफिरवी संपल्यावरच पेस्ट.

बेअरिंग आणि कॅम यांना लागणारं वंगण वेगळं का, ते इथे लिहून ठेवतो. बेअरिंगमध्ये क्रँक फिरायला लागली की ती ऑईलला स्वतःच्या खाली ओढते आणि ऑईलच्या थरावर उचलली जाते. धातूला धातू लागतच नाही. फक्त ऑईल हजर पाहिजे. कॅमचं तसं नाही. कॅमचा उंचवटा आणि टॅपेटचा तळ एका बारीक रेषेवर भेटतात, वरून व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबत असते, आणि एवढ्या दाबाखाली ऑईलचा थर टिकत नाही. तिथे धातूला चिकटून बसणारं काहीतरी लागतं. मॉलीचे पापुद्रे एकावर एक घसरतात आणि ऑईल पिळून निघालं तरी मागे राहतात. पुढे हेच काम इंजिन ऑईलमधलं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, झेडडीडीपी, करतं. पण ते उष्णता आणि दाब मिळाल्यावर हळूहळू थर धरतं. तोपर्यंत पेस्ट.

कॅमची जर्नल असेंब्ली ल्यूबने ओली केली. उंचवट्यांना पेस्ट बोटाने चोळली, नुसती लावली नाही. चोळली की धातूचा रंग बदलून गडद करडा होतो आणि पुसलं तरी बोटाला काळं लागत राहतं. कॅम आत सरकवताना नव्या बुशला ओरखडा पडू नये म्हणून पुढच्या टोकाला लांब बोल्ट लावून दोन्ही हातांनी आत नेला, आणि आत गेल्यावर जिथे पेस्ट पुसली गेली तिथे पुन्हा लावली. टॅपेटच्या तळाला पेस्ट, बाजूंना फक्त इंजिन ऑईल. हे महत्त्वाचं आहे: टॅपेटने आपल्या भोकात वर-खाली जाताना स्वतःभोवती फिरायचंही असतं. बाजूला घट्ट पेस्ट भरली तर तो फिरायला कुरकुरतो, आणि न फिरणारा टॅपेट एकाच रेषेवर घासून कॅमही घालवतो. प्रत्येक टॅपेट बोटाने फिरवून, स्वतःच्या वजनाने खाली पडतो ना ते पाहून सोडला.

टायमिंग चेन कालपासून ऑईलमध्ये बुडवून ठेवली होती. बाहेर काढून टांगली, निथळली, बसवली.

क्रँकच्या पुलीवर पुठ्ठा बांधलाय: फिरवू नये. घरी येणारा प्रत्येक माणूस ‘बघू फिरतंय का’ म्हणून हात घालतो.

२७ जुलै, शनिवार

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलीय. आमचं घर उंचावर, पण वस्तादांच्या भागात पाणी येण्याची भीती, ते सामान हलवण्यात गुंतलेत. इंजिन दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आत सिलिका जेलच्या पुड्या. काम बंद.

११ ऑगस्ट, रविवार

पिशवी काढून आधी बोअर तपासले. टॉर्च टाकून चारही पाहिले, गंज नाही. ऑईलचा थर पातळ झालाय पण आहे. असेंब्ली ल्यूब मात्र जिथे लावलं तिथेच, खालून बिग एंडच्या कडेला दिसतंय तसंच चमकतंय.

ऑईल पंप. गिअरचा पंप कोरडा असला की हवा फिरवत बसतो, ऑईल ओढत नाही. गिअर आणि बॉडी यांच्यातली फट ऑईलने बंद झाली तरच त्याला शोष येतो. लगेच सुरू करायचं असतं तर पंपात नुसतं ऑईल भरून भागलं असतं, पण अजून दोन महिने आहेत, ऑईल जाळीतून गळून जाईल. म्हणून व्हॅसलीन. गिअरच्या दातांमध्ये आणि पोकळीत बोटाने भरलं, झाकण लावलं, शाफ्ट हाताने फिरवला. तो जड, सारखा फिरला. व्हॅसलीन थोड्या उष्णतेने वितळून ऑईलमध्ये मिसळून जातं. त्याच्या जागी ग्रीस भरलेला पंप वस्तादांनी स्वतःच एकदा उघडलेला आठवला त्यांना. जाळीवर सायीसारखा थर होता, असं म्हणाले आणि डबा आपला आपणच फडताळात ठेवला.

चेंबरचं पॅकिंग कोरड्या तोंडांवर. चेंबर बंद करण्याआधी प्रत्येक नट पुन्हा टॉर्कला तपासून पांढऱ्या रंगाची रेघ मारली.

१८ ऑगस्ट, रविवार

हेड. आज बहुतेक काम काही न लावण्याचं.

ब्लॉकचं आणि हेडचं तोंड थिनरने पुसलं, हेड गॅस्केट कोरडी. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी परत पुसायचं.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं पाहिली. बंद तळाच्या भोकात ऑईल साचलेलं असेल तर बोल्ट खाली जाताना त्याला जागाच मिळत नाही. रेंच टॉर्क दाखवतो, हेड मात्र दाबलं गेलेलं नसतं. नशीब वाईट असेल तर त्या दाबाने ब्लॉकला तडा जातो. म्हणून भोकं हवेने फुंकून, कापडाचा बोळा काडीवर गुंडाळून कोरडी केली. ऑईल भोकात ओतायचं नाही, बोल्टच्या आट्यांना बोटाने लावायचं आणि निथळू द्यायचं. वॉशरच्या वर, नटाखाली, एक थेंब.

व्हॉल्व्हच्या दांड्यांना गाइडमध्ये घालताना असेंब्ली ल्यूब. रॉकर शाफ्ट, रॉकरचे बुश, पुश रॉडची टोकं हे सगळं ल्यूब लावून, पण डब्यात झाकून बाजूला ठेवलं. रॉकर आताच बसवणार नाही. ते नसले की सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात, बोअरमध्ये दमट हवा कमी जाते. शिवाय स्प्रिंगचा भार टॅपेटवर येत नाही, त्यामुळे कॅमच्या उंचवट्यावरची पेस्ट दोन महिने एकाच जागी पिळली जात नाही. हे वस्तादांना आवडलं. ‘हे बरं सुचलं’ एवढंच म्हणाले, पण त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

२२ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष चालू आहे. इंजिन सुरू करायचं काम वस्ताद घटस्थापनेआधी करणार नाहीत, त्यावर चर्चा नाही. तोवर ऑईल ठरवून टाकलं.

जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला आजचं ऑईल चालत नाही, झिंक कमी केलंय, असं सगळीकडे ऐकू येतं. अर्धं खरं आहे. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून एपीआयने (ऑईलच्या श्रेणी ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएम आणि एसएन श्रेणीत त्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली, पण ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ऑईलना. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही. आमच्या गाडीला कन्व्हर्टर नाहीच. तेव्हा रनिंग-इनसाठी साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, सिंथेटिक नाही. सोबत महागडं अॅडिटिव्ह घ्यावं का, असा प्रश्न मामांनी विचारला. नको. पेस्ट लावलीय, ऑईल योग्य आहे, आणखी मिसळामिसळ कशाला?

२९ सप्टेंबर, रविवार

इंजिन गाडीत बसवलं. फ्लायव्हीलचं तोंड आणि प्रेशर प्लेट थिनरने पुसून कोरडी. क्लच प्लेटजवळ ऑईलचं बोट गेलं तर प्लेट फुकट. फक्त क्रँकच्या टोकातला सच्छिद्र ब्राँझचा पायलट बुश ऑईलवर चालतो आणि त्याला बाहेरून लावून काही होत नाही, ऑईल त्याच्या अंगात मुरावं लागतं. बुश अंगठ्यावर उभा धरला, आत काठोकाठ ऑईल भरलं, वरून दुसऱ्या अंगठ्याने दाबलं. दोन-तीन वेळा दाबल्यावर बुशच्या बाहेरच्या अंगावर बारीक घाम फुटला. आरपार मुरलं म्हणायचं.

५ ऑक्टोबर, शनिवार

रॉकर बसवले, टॅपेटची फट कोरड्या फिलर गेजने लावली. त्यासाठी इंजिन फिरवावं लागलं, पण लागेल तेवढंच, प्लग काढून, पान्याने हळूहळू. मग प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी गॅलऱ्या ऑईलने भरून घेणं.

सेल्फ मारत बसून प्रेशर आणायची पद्धत आहे, पण त्यात कॅम संथ फिरतो आणि वरून भार पूर्ण असतो. नव्या कॅमला तेच सगळ्यात वाईट. त्याऐवजी बाहेरून ऑईल ढकललं. शेतात औषध मारायचा हातपंप नवाकोरा आणला, औषध न पाहिलेला. त्यात ऑईल ओतलं, डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून ऑईल पातळ केलं, आणि पंपाची नळी ऑईल प्रेशरच्या स्विचच्या भोकाला जोडली. ते भोक थेट गॅलरीत उघडतं. पंपाला दाब भरला आणि वस्ताद पान्याने क्रँक अगदी हळू फिरवत राहिले. हे फिरवणं टाळता येत नाही, कारण क्रँकमधली आणि कॅममधली भोकं ठरावीक जागी आली तरच पुढची वाट उघडते.

आधी बराच वेळ फक्त चेंबरमध्ये ठिबकल्याचा आवाज. मग रॉकर शाफ्टच्या मागच्या टोकाला बुडबुडा आला, फुटला, आणि ऑईल पहिल्या रॉकरपासून शेवटच्यापर्यंत पाझरत गेलं. चारही सिलिंडरचे रॉकर ओले झाल्यावर थांबलो. स्विचच्या जागी उद्यासाठी काट्याचा गेज लावला. डॅशवरच्या लाल दिव्यावर पहिल्या दिवशी भरवसा ठेवणार नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

सुरू करण्याआधी कार्बोरेटर भरला, पाणी भरलं, टायमिंग आधीच बसवून ठेवलं. पहिल्या फटक्यात सुरू व्हायला पाहिजे, निष्कारण सेल्फ मारायला नको. दुसऱ्या फटक्यात झालं. गेजचा काटा लगेच ५० पीएसआयजवळ गेला.

आयडलला सोडायचं नाही. या इंजिनात कॅमवर ऑईल पडतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, आणि आयडलला ती पुरेशी उडवत नाही. त्यामुळे थेट २००० आरपीएम, मग १८०० ते २५०० च्या दरम्यान सारखं वर-खाली, वीस मिनिटं. ऑईल सगळीकडे वेगवेगळ्या कोनांत उडावं म्हणून वर-खाली. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून हातांचे तेलकट ठसे जळून धूर आला, मामा घाबरले, वस्तादांनी हातानेच थांबवलं. रेडिएटरसमोर घरातला टेबल फॅन. गरम झाल्यावर काटा २००० ला ३५ वर स्थिरावला. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय या अंदाजाने तो चांगलाच वर आहे.

बंद करून गरम असतानाच ऑईल काढलं. करडं, चमकदार. मॉलीचा रंग, तो येणारच. चुंबक फिरवला तर बारीक काळी पूड, चकाकता तुकडा एकही नाही. तसला तुकडा दिसला असता तर कॅम बाहेर काढावा लागला असता. फिल्टर नवा, ऑईल तेच, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काल खंडेनवमीला टॉर्क रेंच आणि फिलर गेज हळद-कुंकू लावून पाटावर मांडले होते. हळद गेजच्या पात्यांमध्ये गेली, ती आज ब्रशने काढली.

रिंगा बसवायला गाडीवर भार हवा, म्हणून पन्हाळा. वाघबीळच्या पुढे चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा अॅक्सिलरेटर, वेग वाढू द्यायचा, मग पाय काढून इंजिनवरच वेग कमी होऊ द्यायचा. दाब वाढला की रिंगा बोअरला चिकटतात, पाय काढला की ऑईल वर ओढलं जाऊन घासलेला भुगा धुतला जातो. वरच्या गिअरमध्ये दमवायचं नाही आणि सपाटीवर एकाच वेगाने तासभरही चालवायचं नाही. चढाला मागून निळसर धूर होता, परतीला जवळजवळ नव्हता.

२० ऑक्टोबर, रविवार

थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला. एकेक पाव फेरी सोडून, आट्यांना थेंब देऊन, मग आवळला. तीन नटांनी थोडी जागा दिली. टॅपेटची फट परत मोजली: सात जागी होती तशीच, चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला थोडी वाढलेली. ती जुळवली आणि वहीत तारखेसह लिहिली. फट वाढत राहणं म्हणजे कॅम झिजत असल्याची पहिली खबर, म्हणून हा एक टॅपेट पुढच्या वेळी आधी पाहायचा. डिपस्टिक पन्हाळ्यानंतर जरा खाली आलीय, खुणांच्या मधोमध. पुढचं ऑईल ५०० किमीला, तेव्हा फिल्टर कापून आतला कागद उघडून पाहणार.